सीटी स्कॅनला न दिसणारा मार

कबड्डीच्या मैदानात चढाईपटू मागे वळतो, कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो, साखळी अंगावर येते आणि त्या झटापटीत दोन डोकी एकमेकांवर आपटतात. पडलेला गडी उठतो, माती झटकतो. रक्त नाही, टेंगूळ नाही. सिंधुदुर्गातल्या गावच्या स्पर्धेत अशा वेळी बाहेरून हमखास आवाज येतो, ‘काय्येक झाला नाय मरे, खेळ!’ त्याला ओरोसच्या किंवा बांबोळीच्या रुग्णालयात नेऊन सीटी स्कॅन केला, तर बहुधा तोही हेच सांगेल. आणि तरीही त्याच्या मेंदूत त्या क्षणी मोठी उलथापालथ चाललेली असू शकते. हेच कन्कशन.

सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू कवटीतल्या द्रवात तरंगत असतो, त्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतकाच उरतो. धावण्या-उडण्याचे रोजचे धक्के त्याला जाणवतही नाहीत. पण डोकं गर्रकन फिरून थांबलं, की कवटी थांबते आणि मऊ मेंदू क्षणभर फिरतच राहतो. पेशींचे अतिसूक्ष्म तंतू ताणले जातात. पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पुन्हा बसवायला भरपूर ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावू शकतो. बिघाड असतो तो मेंदूच्या कामात. स्कॅन दाखवतो ती रचना. हेल्मेटही कवटी वाचवतं, आतली हालचाल थांबवू शकत नाही. १४ जानेवारी २०२० रोजी वानखेडेवर पॅट कमिन्सचा चेंडू बॅटची कड घेऊन ऋषभ पंतच्या हेल्मेटवर आदळला. कन्कशनमुळे तो यष्टिरक्षणाला उतरलाच नाही, ग्लोव्हज के. एल. राहुलने घातले.

यंत्राला जे दिसत नाही, ते साध्या प्रश्नांना सापडतं, ही यातली सगळ्यात नवलाची गोष्ट. नाव आणि जन्मतारीख विचारून उपयोग नाही. मार बसलेला खेळाडूही ती धडाधड सांगतो. जुन्या आठवणी शाबूत असतात, गडबड ताज्या आठवणींत होते. ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅडॉक्स यांनी हे हेरलं आणि वेगळे प्रश्न निवडले. कबड्डीपटूला ते असे विचारता येतील : आपण कुठल्या मैदानावर आहोत? पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी होता? जिंकलो का? एक उत्तर चुकलं तरी संशय घ्यायचा. डॉक्टर पुढे दहा शब्द ऐकवून काही मिनिटांनी पुन्हा विचारतात, डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावतात, टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालवतात. शुद्ध हरपण्याची वाट बघू नये. दहांतल्या नऊ कन्कशनमध्ये ती हरपतच नाही.

सगळी उत्तरं बरोबर आली, तरी निर्धास्त होता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासण्या पार करून तो पुन्हा फलंदाजीला आला, ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकं दुखू लागलं, सुस्ती आली. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला, कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. ही सोय त्याच महिन्यापासून लागू झाली होती.

परत येण्याची वाटही पायऱ्यापायऱ्यांची आहे. पहिले एक-दोन दिवस आराम, पण अंथरुणाला खिळून नव्हे. थोडं चालावं, मोबाइल कमी करावा. मग हलका व्यायाम, धावणं, एकट्याने सराव. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास वाढला तर एक पायरी मागे. पकडी, झटापटीचा सराव डॉक्टरांच्या परवानगीनंतरच. मोठ्यांना साधारण दोन आठवडे लागतात, मुलांना चारपर्यंत. आधीचा मार भरण्यापूर्वी दुसरा बसला, तर मात्र दुखणं लांबतं, क्वचित जिवावरही बेततं.

उलट्या, झटका, वाढती डोकेदुखी, मानदुखी, हातापायांत मुंग्या किंवा वाढती सुस्ती दिसली, तर थेट रुग्णालय गाठा. एरवी नियम एकच : शंका आली, की गडी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. पंच, प्रशिक्षक आणि आयोजकांनो, पुढच्या स्पर्धेच्या नियमपत्रिकेत एवढी एक ओळ छापाच.