वाघाच्या तिकिटाचा पैसा कुठवर पोचला?

पन्नासेक वर्षांपूर्वीपर्यंत विदर्भाच्या जंगलात लोक पैसे भरून जायचे ते शिकारीला. वनखाते जंगलाचे ब्लॉक पाडून परवाने द्यायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दिवस संपवले. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट आला. पण पर्यटकांकडून फाटकावर जमलेला पैसा सरकारी तिजोरीत जमा व्हायचा आणि जंगल अनुदानाची वाट पाहत बसायचे.

खरा फरक पडला 2006 च्या कायदादुरुस्तीने. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला स्वतःचे प्रतिष्ठान मिळाले आणि पर्यटनाचे उत्पन्न तिथेच खर्च करण्याची सोय झाली. चंद्रपूरच्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पाला 2010 मध्ये बफर क्षेत्र जोडले गेले. तिथल्या मोहर्ली, आगरझरी गावांची पोरे गाइड झाली, जिप्सी चालवू लागली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातले पर्यटन काही महिने थांबवले, तेव्हा किती चुली या फाटकांवर पेटतात ते सगळ्यांना कळले. 2020 च्या टाळेबंदीने तेच पुन्हा दाखवले. 2023 मध्ये तर ताडोब्याच्या ऑनलाइन बुकिंगचे सुमारे 12 कोटी रुपये बुकिंग सांभाळणाऱ्या कंपनीने थकवल्याची तक्रार पोलिसांत गेली. पैसा जंगलाजवळ आला, तरी त्याची राखण करावीच लागते.

आता हाच हिशेब यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावातून मांडू. या जिल्ह्यातले वाघांचे मोठे ठिकाण म्हणजे टिपेश्वर, 148 चौरस किलोमीटरचे. ते अभयारण्य आहे, व्याघ्र प्रकल्प नाही, म्हणून प्रतिष्ठानाची ती तरतूद त्याला लागू नाही. आणि एवढ्याशा जंगलात वाघ मावत नाहीत. 2019 मध्ये इथून निघालेला एक तरुण वाघ शेताशिवारांतून तेराशे किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. त्याआधी राळेगाव-पांढरकवडा भागात 13 माणसांचे बळी गेले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ त्या बळींसाठी जबाबदार धरलेली अवनी वाघीण मारली गेली. ज्या रानात हे घडले, तिथे ना फाटक होते, ना तिकीट.

बाभुळगाव, कळंब, राळेगावचा शेतकरी रोही-डुकरांपासून तूर वाचवायला रात्रभर जागल करतो. थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असली, की वाघाची भीती असतानाही बॅटरी आणि काठी घेऊन ओलिताला निघतो. कपाशी वेचणाऱ्या बाया ओटी बांधून वाकलेल्या असतात, त्यांना तासाच्या पलीकडचे दिसत नाही. वाघाची किंमत हे लोक रोज मोजतात, पण त्याच्या कमाईतला रुपया त्यांच्या बांधापर्यंत येत नाही.

रवांडाने गोरिलांच्या परवान्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा 10 टक्के वाटा 2017 पासून भोवतालच्या गावांसाठी ठेवला आहे. महाराष्ट्रानेही 2015 मध्ये जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणून वाट दाखवली. आता पाऊल पुढे टाकायला हवे. तिकिटातला ठरावीक हिस्सा वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच्या गावांनाही मिळावा. त्यातून शेताला कुंपण आणि दिवसा ओलितासाठी सौरपंप व्हावेत, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. वाघ फाटकाच्या आतच राहत नाही, तर त्याचा पैसा तरी आतच का राहावा?