बेतवेचे बेट आणि पर्यटनाचा रेटा

झाशी म्हटले की मराठी वाचकास नेवाळकरांची गादी आणि 1857 चे रणांगण आठवते. झाशीचा किल्ला मात्र मुळात बुंदेला राजा वीरसिंह देव याने 1613 मध्ये बांधला आणि त्याची राजधानी होती ओरछा. झाशीपासून सुमारे 16 किलोमीटर अंतरावरील हे गाव आज मध्य प्रदेशात, 2018 साली टिकमगढमधून वेगळ्या झालेल्या निवाडी जिल्ह्यात मोडते. गावासमोर बेतवा आणि तिची उपनदी जामनी यांच्या प्रवाहांनी वेढलेले एक मोठे बेट आहे. 1994 मध्ये ते वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. क्षेत्र अवघे 45 चौरस किलोमीटरच्या आसपास. चितळ, नीलगाय, वानर, माकडे व विपुल पक्षी ही त्याची संपत्ती. एवढ्या लहान अरण्यास आजवर आधार मिळाला तो दोन्ही बाजूंच्या पाण्याचा.

‘अभयारण्य’ या शब्दाबाबत परीक्षार्थींचा येथे हमखास गोंधळ होतो. युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातील न्गाम्बा बेटावर 1998 पासून तस्करांच्या तावडीतून सोडविलेल्या अनाथ चिंपांझींना आश्रय दिला जातो. अशा आश्रयस्थानासही अभयारण्य म्हटले जाते. भारतीय व्यवस्थेत मात्र सोडविलेल्या प्राण्यांसाठी ‘बचाव केंद्र’ असते व त्यास केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. ओरछ्याचे अभयारण्य हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खालील संरक्षित क्षेत्र आहे. तथापि न्गाम्बाची एक व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे पर्यटक बेटाच्या एका कोपऱ्यातच थांबतात आणि विद्युत कुंपणाबाहेरील मचाणावरून चिंपांझी पाहतात. ओरछ्यात कुंपणाचे काम नदी करते आणि पर्यटन नेमके त्या नदीवरच चालते.

रामराजा मंदिर, जहांगीर महाल व काठावरील राजघराण्याच्या छत्र्या यांमुळे ओरछ्यात यात्रेकरू व परदेशी प्रवासी पूर्वीपासून येत आहेत. 2019 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गावाचे नाव आले. बेतवेच्या खडकाळ पात्रात नौकाविहार व राफ्टिंग होते. उन्हाळ्यात पात्रातील खडक उघडे पडतात, तेव्हा कुंपण आपोआपच विरळ होते.

कायदा याबाबत काय सांगतो? कलम 28 अन्वये पर्यटनासाठी अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देता येतो. कलम 33 नुसार राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या पूर्वमान्यतेशिवाय आत हॉटेल वा व्यावसायिक पर्यटक निवास बांधता येत नाही. 2022 च्या दुरुस्तीने या बंधनात शासकीय निवासांचाही स्पष्ट उल्लेख आला. दुसरीकडे, 2023 च्या वन संवर्धन दुरुस्तीने कार्य आराखड्यात वा वन्यजीव व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा ‘वनेतर वापर’ या व्याख्येतून वगळल्या. या दोन दुरुस्त्यांची दिशा एक नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

परंतु खरी अडचण सीमेची आहे. कायद्याची सीमा नकाशावर असते, प्राण्यांना ती ठाऊक नसते. याचे ठळक उदाहरण म्हणजे लांब चोचीचे गिधाड. ते या छत्र्यांच्या उंच कोनाड्यांत घरटी करते आणि छत्र्या अभयारण्याबाहेर, गावाच्या काठावर आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे 1992 ते 2007 या काळात देशातील या गिधाडांची संख्या सुमारे 97 टक्क्यांनी घटली. 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्या औषधावर बंदी आली. 2023 मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्यावरही. विषाचा प्रश्न असा हाताळला गेला. जागेचा प्रश्न उरतो. हे गिधाड हंगामात एकच अंडे घालते आणि त्याच्या विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो. ओरछ्यातील पर्यटनाचा भरही नेमका याच महिन्यांत असतो.

माकडांची गोष्ट उलट आहे. गिधाड माणसापासून दूर जाते, माकड जवळ येते. घाटावर केळी, चणे मिळू लागले की टोळी रान सोडून वस्तीला चिकटते, चावे घेते, मग पकडून दूर सोडण्याची मागणी होते. लाल तोंडाच्या माकडाचे नाव तर 2022 च्या दुरुस्तीने संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीतूनच वगळले आहे. खाऊ घालणे हा पुण्याचा भाग मानला गेल्याने केवळ फलक लावून ते थांबेल, असे वाटत नाही.

अभयारण्याभोवतीच्या पट्ट्यासाठी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली ‘पर्यावरण संवेदनशील क्षेत्र’ अधिसूचित करण्याची तरतूद आहे. अशा अधिसूचनांत सामान्यतः सीमेपासून 1 किलोमीटरच्या आत नव्या व्यावसायिक हॉटेलांना मनाई असते आणि विभागीय बृहत् आराखड्यात पर्यटनाचाही आराखडा करावा लागतो. छत्र्यांचे वरचे मजले विणीच्या महिन्यांत बंद ठेवणे, तेथील डागडुजी त्या काळात टाळणे आणि राफ्टिंगच्या नौकांनी बेटाच्या काठास न लागणे या गोष्टी त्या आराखड्यात लिहिता येतात. मात्र त्यासाठी वन, पुरातत्त्व व पर्यटन या तिन्ही खात्यांची त्यावर संमती असावी लागते.