डेटिंग ॲपवरचा 'बेअर' आला कुठून? एका झेरॉक्स मॅगझिनची गोष्ट

ग्राइंडरसारख्या गे डेटिंग ॲपवर प्रोफाइल तयार करताना स्वतःचा गट निवडायचा पर्याय येतो. त्यात एक गट असतो 'बेअर', म्हणजे अस्वल. दाढी, अंगभर केस, थोडं सुटलेलं पोट असा धिप्पाड गे पुरुष, हा त्याचा साधारण अर्थ. मुंबई-पुण्यात ॲप वापरणाऱ्यांनाही हा शब्द ओळखीचा आहे. पण तो ॲपवाल्यांनी शोधलेला नाही. त्याला जगभर नेलं ते १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या 'बेअर' नावाच्याच मॅगझिनने.

त्याआधी काय होतं?

१९७०च्या दशकात या शहराच्या कॅस्ट्रो भागात गे पुरुषांचा एक साचा ठरून गेला होता. आखूड केस, मिशी, घट्ट जीन्स आणि व्यायामाने कमावलेलं शरीर. सगळे इतके एकसारखे दिसायचे की त्यांना 'क्लोन' असंच नाव पडलं. गे मॅगझिनच्या पानांवर एकतर हे क्लोन असायचे, नाहीतर गुळगुळीत अंगाचे सडसडीत मॉडेल. चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या ट्रक ड्रायव्हरने अंक चाळला, तर त्याला आपल्यासारखा माणूस क्वचितच सापडायचा.

'बेअर' हा शब्द मात्र तेव्हाही कुणीकुणी वापरत होतं. 'द ॲडव्होकेट' या गे नियतकालिकात १९७९ साली जॉर्ज मॅझई यांनी गे पुरुषांची प्राण्यांच्या नावाने गमतीदार वर्गवारी केली, तिच्यात अस्वलही होतं. पण ती गंमतच होती. लोकांनी तो शब्द स्वतःला लावून घ्यायला अजून काही वर्षं जायची होती.

आणि ती वर्षं एड्सची होती. जून १९८१ मध्ये या आजाराचा पहिला अधिकृत अहवाल अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को सर्वाधिक होरपळलेल्या शहरांपैकी एक ठरलं. या आजारात माणूस डोळ्यांदेखत झिजायचा. गाल आत जायचे, कपडे सैल व्हायचे. तोवर देखणेपणाची खूण असलेला सडपातळपणा आता मित्रांच्या पोटात गोळा आणायचा. भरलेल्या अंगाकडे बघण्याची नजर या काळात बदलली, असं या उपसंस्कृतीचे काही अभ्यासक मांडतात. हे एकमेव कारण नक्कीच नाही. पण ते बाजूला ठेवलं, तर हे मॅगझिन नेमकं तेव्हाच का रुजलं हे कळत नाही. एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं, तेही १९८७ मध्येच.

मॅगझिन काढलं रिचर्ड बल्जर आणि त्यांचे तेव्हाचे जोडीदार, छायाचित्रकार ख्रिस नेल्सन यांनी. सुरुवातीचा अंक म्हणजे चक्क झेरॉक्स प्रती! छायाचित्रं कामुक असायची, बऱ्याचदा नग्न. पण त्यातले पुरुष व्यावसायिक मॉडेल नव्हते. कष्टाची कामं करणारे, वय आणि पोट न लपवणारे साधे लोक होते. नेल्सन यांच्या छायाचित्रांचं 'द बेअर कल्ट' हे पुस्तक १९९१ मध्ये आलं.

खरी कमाल होती परिचयाच्या जाहिरातींची. आपल्याकडच्या वधू-वर जाहिरातींत 'गोरी, सडपातळ' हे शब्द वर्षानुवर्षं ठाण मांडून आहेत. इथे दाढी आणि केसाळ छाती हाच जमेचा मुद्दा होता! लहान गावातल्या माणसाला आपल्यासारखा आणखी कुणी आहे का हे शोधायला तेव्हा इंटरनेट नव्हतं. टपालाने येणारा अंक होता.

बघता बघता मॅगझिनभोवती एक जग उभं राहिलं. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'लोन स्टार सलून' हा बार सुरू झाला आणि बेअर मंडळींचा अड्डा बनला. त्याच ऑक्टोबरमधल्या भूकंपात त्याची जागा गेली, पण तो हॅरिसन स्ट्रीटवर पुन्हा उघडला. ठिकठिकाणी क्लब निघाले. १९९५ मध्ये क्रेग बर्न्स यांनी बेअर समुदायाचा झेंडा तयार केला. तपकिरी, पिवळा, पांढरा, करडा, काळा, असे अस्वलांच्या कातडीचे रंग आणि कोपऱ्यात पंजा. १९९७ मध्ये लेस राइट यांनी संपादित केलेलं 'द बेअर बुक' आलं आणि विषय अभ्यासकांच्या टेबलावर पोचला.

मॅगझिनचं स्वतःचं आयुष्य मात्र एवढं सुरळीत नव्हतं. १९९४ मध्ये बल्जर यांनी ते विकलं. २००२ मध्ये प्रकाशन संस्था बंद पडली आणि अंकही थांबले. २००८ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण तोवर जाहिरातींचं काम इंटरनेटने हाती घेतलं होतं. २०१० मध्ये तर खास बेअर लोकांसाठी 'ग्राउलर' हे ॲपच आलं.

गंमत म्हणजे साचा मोडायला निघालेल्या या जगातही नवा साचा तयार झाला. पीळदार शरीराच्या 'मसल बेअर'चा भाव वाढला आणि पोटवाले पुन्हा मागे पडू लागले, ही तक्रार जुनीच आहे. ही प्रतिमा मुख्यतः गोऱ्या पुरुषांभोवती फिरते, ही टीकाही. मुंबईतला कुणी आज ॲपवर 'बेअर' निवडतो तेव्हा त्याच्यासोबत झेरॉक्सच्या त्या अंकाबरोबर हे दोन्ही वादही येतात.