बॉर्दो वाइन, तांबडी

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, झीराँद विभागातील बॉर्दो शहराच्या आसमंतात तयार होणारी तांबडी वाइन. गारॉन व दॉर्दोन्य या नद्या आणि त्यांच्या संगमापासून समुद्रापर्यंत पसरलेली झीराँद खाडी यांच्या दोन्ही तीरांवर येथील द्राक्षमळे आहेत. वाइनची किंमत, प्रतवारी व गुण यांचा परस्परसंबंध तपासण्यास हा प्रदेश विशेष सोयीचा आहे. कारण त्याच जातींच्या द्राक्षांपासून व बऱ्याच अंशी सारख्याच पद्धतीने केलेली वाइन येथे बाटलीस पाच यूरोंपासून हजारो यूरोंपर्यंत विकली जाते. ही तफावत चवीच्या तफावतीच्या प्रमाणात नाही. तिच्यातील किती भाग जमिनीचा व श्रमाचा आणि किती नावाचा, हे कळले म्हणजे बेताच्या पैशांतही चांगली वाइन निवडता येते.

द्राक्षे व जमीन : तांबड्या वाइनसाठी द्राक्षरसाचे किण्वन साली व बिया यांच्यासह करतात. रंग सालींतून येतो आणि साली व बिया यांतील टॅनिनामुळे वाइनला तुरटपणा येतो. सुपारीचा किंवा फार वेळ उकळलेल्या चहाचा तुरटपणा याच जातीचा होय. वाइन टिकण्यास व मुरण्यास टॅनिनाची मदत होते. डाव्या तीरावरील मेदॉक व ग्राव्ह या भागांत नदीने आणून टाकलेल्या गोट्यांचे जाड थर आहेत. पाण्याचा त्वरित निचरा होणारी व दिवसाची उष्णता धरून ठेवणारी ही जमीन उशिरा पिकणाऱ्या काबेर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षास मानवते. त्याची वाइन प्रारंभी कठोर लागते; चांगल्या मळ्यातील असेल, तर दहा-वीस वर्षे मुरल्यावर तिला देवदाराचे लाकूड व तंबाखू यांची आठवण करून देणारा गंध येतो. उजव्या तीरावरील सँतेमील्याँ व पॉमरॉल येथील चिकणमातीच्या व चुनखडीच्या जमिनींत मर्लो व त्याच्या जोडीस काबेर्ने फ्राँ लावतात. मर्लोची वाइन अधिक मऊ, फळांचा स्वाद असलेली व लवकर पिण्याजोगी होते. संपूर्ण प्रदेशात तांबड्या द्राक्षांपैकी मर्लोचीच लागवड सर्वाधिक असल्याने स्वस्त बॉर्दो बहुधा मर्लोप्रधान असते. ही गोष्ट ग्राहकाच्या पथ्यावर पडते, कारण अशी बाटली दोन-चार वर्षांतच प्यावयाची असते.

इतिहास : इ. स. ११५२ मध्ये अक्विटेनची एलिनॉर व आंझूचा हेन्री यांचा विवाह झाला. दोन वर्षांनी हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि १४५३ पर्यंत हा प्रदेश इंग्रजी राजांच्या ताब्यात राहिला. या तीन शतकांत येथील माल परदेशी गिऱ्हाइकासाठी पिकविण्याची रीत पडली, ती कायमची. इंग्रजीतील ‘क्लॅरेट’ हे नाव त्या काळच्या फिक्या रंगाच्या ‘क्लेरे’ वाइनवरून आले. सतराव्या शतकात डच तज्ज्ञांनी मेदॉकमधील दलदलीचा निचरा केला व विशिष्ट मळ्याच्या नावाने वाइन विकण्यासही त्याच शतकात प्रारंभ झाला. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याच्या १६६३ मधील नोंदीत ओ-ब्रियाँ या मळ्याच्या वाइनचा उल्लेख सापडतो. टॉमस जेफर्सन १७८७ मध्ये बॉर्दोस गेले, तेव्हा लाफित, लातूर (महाराष्ट्रातील लातूरशी या नावाचा अर्थातच संबंध नाही), मार्गो व ओ-ब्रियाँ हे चार मळे अव्वल समजले जात व त्यांचे भावही इतरांहून चढे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुरी, मुळांवर जगणारी फायलोक्सेरा ही कीड व केवडा यांनी येथील मळ्यांची दाणादाण उडविली. वाटेवरच्या वेलींवरील द्राक्षे चोरीस जाऊ नयेत म्हणून मेदॉकमधील शेतकरी त्यांवर मोरचूद व चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडीत. अशा वेलींवर केवडा पडत नाही, हे बॉर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या ध्यानात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी त्याचे प्रमाण व कृती प्रसिद्ध केली. नासिक व सांगली भागांतील द्राक्ष बागायतदारांच्या परिचयाचे ‘बोर्डो मिश्रण’ ते हेच.

प्रतवारी व किंमत : १८५५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी बॉर्दोच्या व्यापारी मंडळाने स्थानिक दलालांकडून वाइनची यादी मागविली. दलालांनी १८ एप्रिल रोजी ती सादर केली. तीत तांबड्या वाइनचे पाच वर्ग होते व ओ-ब्रियाँ हा ग्राव्हमधील एक मळा सोडल्यास बाकीचे सर्व मळे मेदॉकमधील होते. उजव्या तीरावरील एकही मळा तीत नव्हता. महत्त्वाचा भाग असा की, या यादीसाठी वाइन चाखून परीक्षा घेण्यात आली नाही. अनेक वर्षांच्या व्यवहारांत कोणत्या मळ्याला कोणता भाव मिळत आला, एवढाच आधार घेतला होता. ९०० लिटरच्या ‘तोनो’ या मापास पहिल्या वर्गाचा भाव सु. ३,००० फ्रँक, तर पाचव्या वर्गाचा सु. १,४०० ते १,६०० फ्रँक होता. म्हणजे पहिल्या व शेवटच्या वर्गांतील अंतर साधारण दुपटीचे होते.

पुढे कार्यकारणभाव उलटा झाला. भावावरून वर्ग ठरला होता. आता वर्गावरून भाव ठरू लागला. पहिल्या वर्गाच्या बाटलीस शेकडो यूरो पडतात, तर पाचव्या वर्गातील अनेक मळ्यांची वाइन तीस-चाळीस यूरोंस मिळते. दुपटीचे अंतर दहापटींच्याही पुढे गेले, परंतु चवीतील अंतर त्या मानाने वाढल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही. यादी मात्र जवळजवळ स्थिर राहिली. १८५५ मध्येच काँतमेर्ल या मळ्याची तीत भर पडली आणि १९७३ मध्ये मूताँ-रॉथशील्ड दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेला. याखेरीज वर्गात बढती कोणाला मिळाली नाही. यादीत आज ६१ तांबडे मळे आहेत. वर्ग मळ्याच्या नावास चिकटलेला असतो, जमिनीच्या तुकड्यास नव्हे. त्यामुळे मालकाने शेजारची जमीन विकत घेतली वा आपली विकली, तरी वर्ग ढळत नाही. उलट, पाचव्या वर्गातील लँश-बाज दुसऱ्या वर्गातील अनेकांहून महाग विकली जाते. यादीपेक्षा बाजार अधिक जागरूक असल्याचे हे लक्षण म्हणावयास हवे.

अन्यत्र वेगळे मार्ग अवलंबिले गेले. सँतेमील्याँची प्रतवारी १९५५ मध्ये सुरू झाली व ती साधारणपणे दर दहा वर्षांनी नव्याने ठरते. मात्र तिच्यावरून न्यायालयीन तंटे झाले आणि २०२१ मध्ये शव्हाल ब्लाँ व ओझोन या अग्रगण्य मळ्यांनी तीतून अंग काढून घेतले. पॉमरॉलला प्रतवारीच नाही, तरी तेथील पेत्र्यूस ही बॉर्दोतील सर्वांत महाग वाइनपैकी एक आहे.

किंमतीचे टप्पे : पुढील भाव फ्रान्समधील किरकोळ विक्रीचे व स्थूल मानाने दिलेले आहेत. दहा यूरोंच्या आत केवळ ‘बॉर्दो’ किंवा ‘बॉर्दो स्युपेरियर’ असे नाव असलेली वाइन मिळते. तीत सुमार माल पुष्कळ असतो. पातळ, कच्च्या पानांसारख्या वासाची वाइन म्हणजे द्राक्षे पुरती न पिकल्याची खूण होय. याच किंमतीत किंवा थोडी अधिक मोजून बूर, ब्लाय व कास्तियाँ या टेकड्यांवरील वाइन घेणे अधिक शहाणपणाचे. कास्तियाँची जमीन सँतेमील्याँच्या पठाराला लागूनच आहे. नावाचा अधिभार मात्र तीवर नाही.

दहा ते पंचवीस यूरो हा टप्पा ग्राहकास सर्वांत फायद्याचा होय. मेदॉकमधील ‘क्र्यू बूर्झ्वा’ हे १८५५ च्या यादीबाहेरचे मळे, त्याच भागातील मूली व लिस्त्राक ही गावे आणि उजव्या तीरावरील फ्राँसाक व लालाँद-द-पॉमरॉल येथील वाइन यात मोडते. क्र्यू बूर्झ्वांची पहिली यादी १९३२ मध्ये झाली; २००३ ची सुधारित प्रतवारी न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि २०२० पासून चाखून परीक्षा घेऊन पाच वर्षांसाठी तीन दर्जे दिले जाऊ लागले. दर्जा टिकविण्यासाठी पुन्हा परीक्षेस उतरावे लागत असल्याने या मळ्यांना निष्काळजीपणा परवडत नाही. ओकच्या नव्या पिंपात वाइन मुरविण्याचा खर्चही येथेच प्रथम दिसू लागतो. २२५ लिटरच्या पिंपात ३०० बाटल्यांची वाइन राहते व पिंपास सु. ७०० ते १,००० यूरो पडतात. म्हणजे बाटलीमागे अडीच-तीन यूरो. पाच यूरोंच्या वाइनला हा खर्च पेलत नाही, वीस यूरोंच्या वाइनला पेलतो.

पंचवीस ते साठ यूरोंत पाचही वर्गांपैकी खालच्या वर्गांतील काही मळे, ग्राव्हच्या उत्तरेकडील पेसाक-लेओन्याँची वाइन व काही नामांकित मळ्यांची ‘दुसरी वाइन’ मिळते. कोवळ्या वेलींची अथवा मुख्य मिश्रणात न घेतलेली वाइन मळेवाले वेगळ्या नावाने विकतात, तिला दुसरी वाइन म्हणतात. पहिल्या वर्गातील मळ्यांची दुसरी वाइन मात्र, उदा., लातूरची ‘ले फोर द लातूर’, आता स्वतःच चैनीची वस्तू झाली आहे; त्या पैशांत कमी प्रसिद्ध मळ्याची मुख्य वाइन घेणे बरे. साठ यूरोंच्या पुढे चवीतील वाढ मंदावते व टिकाऊपणा, दुर्मिळता आणि प्रतिष्ठा यांचा वाटा वाढत जातो. शंभरीच्या बऱ्याच वरचा पैसा प्रायः जमिनीच्या व नावाच्या किंमतीचा असतो.

बाटलीवरील शब्दांबाबत सावधगिरी हवी. ‘ग्राँ व्हँ द बॉर्दो’ या शब्दांना कोणताही अधिकृत दर्जा नाही. ‘सँतेमील्याँ ग्राँ क्र्यू’ हे उत्पादन-नियमांशी निगडित नाव आहे, प्रतवारीतील वर्ग नव्हे. वर्ग मिळालेल्या मळ्याच्या बाटलीवर ‘ग्राँ क्र्यू क्लासे’ असे असते. हा एका शब्दाचा फरक अनेकांना महागात पडतो.

हवामान व वर्ष : समुद्रसान्निध्यामुळे येथील पाऊस लहरी असतो व एका वर्षाची वाइन दुसऱ्या वर्षाच्या वाइनहून पुष्कळ भिन्न होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी हिवाळ्यातील पाऊस, वाढीच्या हंगामातील तापमान व सुगीपूर्वीचा पाऊस एवढ्यांवरून जुन्या बॉर्दो वाइनच्या किंमतीचा बराच अचूक अंदाज बांधता येतो, असे दाखवून दिले. २००५, २००९, २०१० व २०१६ ही वर्षे उत्तम, तर २०१३ निकृष्ट गणले जाते. उत्तम वर्षी साध्या मळ्यांतील द्राक्षेही पुरती पिकतात. म्हणून अशा वर्षीची स्वस्त वाइन व मध्यम वर्षीची नामवंत वाइन घेणे हा जुना व्यापारी शिरस्ता आजही उपयोगी आहे.

मोठ्या मळ्यांची वाइन सुगीनंतरच्या वसंत ऋतूत, पिंपात असतानाच, आगाऊ विकली जाते व बाटल्या सु. दोन वर्षांनी हाती पडतात. घेणाऱ्यास यात सवलत मिळावी अशी अपेक्षा असते, पण ती दरवेळी पुरी होत नाही. लातूरने २०१२ मध्ये ही पद्धत सोडली.

या चढ्या भावांच्या सावलीत लहान उत्पादकांची स्थिती शोचनीय झाली आहे. घाऊक बाजारात साध्या तांबड्या बॉर्दोचा भाव तोनोस १,००० यूरोंखाली गेला. एका तोनोत १,२०० बाटल्या भरतात; म्हणजे बाटलीभर वाइनचा एक यूरोही शेतकऱ्याच्या हाती येईना. २०२३ पासून सरकारी अनुदान घेऊन हजारो हेक्टरांतील वेली उपटण्यात आल्या. झीराँदच्या एका काठी हे चालू असता त्याच विभागात काही मळ्यांच्या हेक्टरभर जमिनीस लाखो यूरो मोजले जातात.

चवीची परीक्षा : २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी घडवून आणलेल्या परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून वाइन चाखल्या. तांबड्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची वाइन पहिली आली व मूताँ-रॉथशील्ड आणि ओ-ब्रियाँ मागे पडल्या. बॉर्दो विद्यापीठातच झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन रंगाने तांबडी केलेली पांढरी वाइन दिली असता त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकच वाइन दोन भाव सांगून दिली. महाग म्हणून दिलेली लोकांना अधिक आवडली व मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित भागातही अधिक हालचाल आढळली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, नावे झाकून घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चाचण्यांच्या अभ्यासात सामान्य लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडल्याचे दिसले. प्रशिक्षित परीक्षकांचे तसे नव्हते. सरावाने जीभ तयार होते, हा यातील दिलासा. दोन-तीन किंमतींच्या बाटल्या कागदात गुंडाळून एकाच बैठकीत चाखणे, हा सराव कोणालाही करता येतो.

भारतात आयात शुल्क व राज्यांचे कर यांमुळे वरील टप्पे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. स्वस्त बॉर्दोही येथे मध्यम वाइनच्या भावास जाते व त्या पैशांत नासिक भागातील काबेर्ने वा शिराझ या द्राक्षांची वाइन पुष्कळदा सरस ठरते. तांबडी वाइन खोलीच्या तापमानास प्यावी हा संकेत यूरोपातील थंड घरांवरून रूढ झाला असून त्याचा अर्थ १६° ते १८° से. असा घ्यावयाचा असतो. मुंबईच्या उन्हाळ्यात ३०° से. तापमानाची वाइन कितीही महाग असली, तरी तिच्यातील अल्कोहॉलच नाकास जाणवते. तेव्हा बाटली अर्धा-पाऊण तास शीतकपाटात ठेवून मग उघडावी. कोवळी, तुरट वाइन रुंद तोंडाच्या भांड्यात तासभर ओतून ठेवल्यास मऊ होते व मटणासारख्या प्रथिनयुक्त पदार्थाबरोबर तिचा तुरटपणा कमी भासतो. झणझणीत तिखटाबरोबर मात्र तो अधिकच बोचतो. तेथे मर्लोप्रधान वाइन बरी. उघडलेली बाटली बूच लावून थंड जागी ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकते.