नजरेआडची शिवीगाळ

भोकरदन तालुक्यातील हसनाबादेत कबड्डीचा सामना चालू आहे असे समजू. चढाई फसते, गडी बाद होतो, सोबती चिडतात. तरीही शब्द आवरले जातात. पंचाकडे हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड असते. पिवळे मिळाले की २ मिनिटे बाहेर. शिवाय बाद झालेल्याचा काका बहुधा ओट्यावरच बसलेला असतो! तोच मुलगा रात्री मोबाईलवर बीजीएमआय खेळताना चौघांच्या संघातील अनोळखी सोबत्याला आईबहिणीवरून शिव्या घालतो. मुलगा तोच, मग बदलते काय?

'पिढीच बिघडली' हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या प्रकाराची जी मांडणी केली, तिला मराठीत 'भीड चेपणे' म्हणता येईल. नाव ठाऊक नसणे, चेहरा न दिसणे, वर कोणी वडीलधारे नसणे ही त्यांनी सांगितलेली काही कारणे. यांतले अधिक जबाबदार कोणते? इस्राएलमधील लापिदोत-लेफ्लर आणि बराक या संशोधकांनी १४२ जणांच्या ७१ जोड्या केल्या आणि त्यांना संगणकावरून एका अवघड प्रश्नावर वाद घालायला लावले. काहींना एकमेकांची नावे कळत होती, काहींना चेहरा दिसत होता, काहींची नजरानजर होत होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की भाषा घसरण्यामागे नाव लपण्यापेक्षा नजर न भिडण्याचा वाटा मोठा होता. 'तोंडावर बोलवत नाही' असे आपण म्हणतो ते उगाच नाही.

खेळाची रचनाही आगीत तेल ओतते. एकाची चूक चौघांचे गुण घालवते. गावात रेंज गेली की खेळाडू पडद्यावर नुसता उभा राहतो. सोबत्याला रेंज दिसत नाही, दिसतो तो 'बावळट' गडी. स्वतः हरलो तर नेटवर्क, दुसरा हरला तर अक्कल!

'लीग ऑफ लेजंड्स' या खेळाच्या कंपनीतील संशोधक जेफ्री लिन यांनी सांगितले, की सतत शिवराळपणा करणारे खेळाडू सुमारे १ टक्का असून एकूण प्रकारांत त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेले बहुतेक प्रकार, दिवस वाईट गेलेल्या साध्या माणसांचे. म्हणजे चार मवाल्यांना हाकलून काम भागत नाही.

मार मात्र सर्वांना सारखा बसत नाही. 'हेलो ३' या खेळात संशोधकांनी आधी ध्वनिमुद्रित केलेली तीच वाक्ये पुरुषाच्या व स्त्रीच्या आवाजात ऐकवली. स्त्रीच्या आवाजाला तिप्पट अपमानास्पद उत्तरे मिळाली (२०१३). मुली माइक बंद ठेवून खेळतात, त्याचे कारण येथे सापडते.

वर्गात हे तपासता येईल. चौघांनी मोबाईलवरचा लुडो पाच वेळा एका खोलीत समोरासमोर आणि पाच वेळा वेगवेगळ्या खोल्यांत बसून, आवाज जोडून खेळावा. पाचव्याने प्रत्येक कठोर शब्दाची नोंद करावी आणि त्याआधी पटावर काय घडले होते तेही शेजारी लिहावे.