निदानाच्या अलीकडचा अनुभव

मानसिक आजार किती जणांना आहे, याची मोजदाद भारतात झालेली आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. परंतु तो विकार सोबत घेऊन माणूस दिवस कसा काढतो, हे अशा आकड्यांतून कळत नाही आणि रुग्णाच्या सर्वाधिक सहवासात असणाऱ्या परिचारिकेला नेमके तेच ठाऊक असावे लागते. म्हणूनच मनोविकार परिचर्येच्या संशोधनात फिनॉमिनॉलॉजीचा, म्हणजे जगलेल्या अनुभवाच्या मीमांसेचा, आधार घेतला जातो.

या विचाराचा पाया एडमंड हुसेर्ल यांनी १९००-०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घातला आणि कार्ल यास्पर्स यांनी १९१३ मध्ये तो मनोविकारशास्त्रात आणला. हुसेर्ल यांना मानणारा संशोधक आपली गृहीतके, त्यात निदानही आले, तात्पुरती बाजूला ठेवून अनुभवाचे वर्णन करतो. तर मार्टिन हायडेगर यांच्या वाटेने जाणारा, गृहीतके पुरती टाळता येत नाहीत असे मानून ती उघड नोंदवतो आणि मगच अर्थ लावतो.

सुरतेच्या दक्षिणेकडील भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यात यंत्रमाग व कापड प्रक्रियेच्या कारखान्यांमुळे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथे असा अभ्यास करायचा झाल्यास, ‘आवाज ऐकू येतात का?’ या प्रश्नाला मिळालेल्या होकारावर परिचारिकेला थांबता येणार नाही. बारा तासांच्या पाळीत मागांच्या खडखडाटात ते आवाज दबतात की वाढतात, खोलीवर परतल्यावर ते कोणाचे वाटतात, शेजारच्या खाटेवरील सोबत्याला ते सांगावेसे वाटतात की लपवावेसे, हे तिला रुग्णाकडून त्याच्याच अहिराणीत किंवा मराठीत, उत्तर न सुचवता, ऐकून घ्यावे लागेल.

अशी आठ-दहा सविस्तर कथने शब्दशः उतरवून, त्यांतील अर्थपूर्ण विधाने वेचून त्यांची सूत्रे बांधण्याची पद्धत पॉल कोलाइझी यांनी १९७८ मध्ये मांडली. निष्कर्ष पुन्हा रुग्णांनाच दाखवून ‘हे असेच होते का?’ असे विचारणे ही तिची अखेरची पायरी असून, आखाजीच्या सणाला किंवा लग्नसराईत गावी जाणाऱ्या कामगारांच्या बाबतीत तीच निसटण्याचा धोका असल्यामुळे अभ्यासाचे वेळापत्रक त्यांची ये-जा पाहून आखणे भाग पडते. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला असल्याने, दाटीच्या वस्तीत मुलाखत कोठे घ्यायची हाही संशोधनाचाच प्रश्न ठरतो.

इतक्या थोड्या कथनांवरून आजाराचे प्रमाण ठरत नाही, की औषधाचा गुणही सिद्ध होत नाही. मात्र रात्रपाळीच्या आधी घेतलेल्या गोळीने मागावर झोप येते आणि नोकरी जाण्याच्या भीतीने ती टाळली जाते, असे त्यांतून पुढे आले, तर ‘रुग्ण औषध घेत नाही’ एवढीच नोंद करण्याऐवजी गोळीची वेळ बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलण्यास परिचारिकेला ठोस आधार मिळतो.