व्याह्यांसाठी स्कॅलप्स

"आई, त्या दिवशी घरात फोडणी नको हं."

लेकीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी ओट्यापाशीच उभी होते. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला यायचे होते. विहीणबाईंना ॲसिडिटीचा जुना त्रास, डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं. कारण रास्त होतं. पण त्यामागे आणखी एक कारण होतं, ते ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. पहिल्याच भेटीत आपलं घर म्हणजे नुसतं 'इंडियन फूड' होऊन बसू नये, असं तिला वाटत असावं. खरं सांगते, मला लागलं ते. चोवीस वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये काढली, पण आपल्या घराचा वास आपणच लपवावा असं कधी वाटलं नव्हतं. बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

आता करायचं काय? मी मालवणची. आमचे हे सोलापूरचे. माशाचा काटा कसा काढायचा हे त्यांना लग्नानंतर मीच शिकवलं. मासा करायचा एवढं नक्की होतं. त्यात व्याही न्यू बेडफर्डचे, जन्मभर स्कॅलपच्या बोटींवर काम केलेले. न्यू बेडफर्ड हे आमच्यापासून दीड तासावरचं बंदर. एकेकाळी व्हेलच्या शिकारीवर आणि तेलावर श्रीमंत झालेलं गाव. त्या व्हेलच्या जहाजांवर खलाशी म्हणून अझोर्स बेटांवरून पोर्तुगीज आले आणि इथेच राहिले. व्हेलचे दिवस गेले, बोटी राहिल्या. आज उतरवलेल्या मासळीच्या किमतीत हे बंदर सलग वीसहून अधिक वर्षं अमेरिकेत पहिलं आहे, आणि त्यातला मोठा वाटा एकट्या स्कॅलपचा. अशा माणसाला मी स्कॅलप करून वाढणार! मालवणात येऊन कोणी मालवणकराला बांगडा तळून घालावा, तसलाच हा आगाऊपणा. पण लेक म्हणाली, त्यांना दुसरं काही इतकं आवडत नाही.

ज्यांनी स्कॅलप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. 'शेल'च्या पेट्रोलपंपावर जो पंख्यासारखा शिंपला रंगवलेला असतो ना, तो हाच. आपल्या तिसऱ्यांचा लांबचा, अंगाने थोराड भाऊ. तिसऱ्या आपण अख्ख्या खातो. याचं मात्र दोन शिंपा मिटणारं जाड, गोल मांस तेवढं खातात. पांढऱ्या पेढ्यासारखं दिसतं ते, आणि चवीला गोडसर. पाण्याबाहेर काढल्यावर हा जीव फार टिकत नाही, म्हणून बोटीवरच सुरीने एकेक शिंप उघडून मांस काढतात आणि पिशव्या भरून बर्फात ठेवतात.

दोन आठवडे आधी रंगीत तालीम केली. जवळच्या दुकानातून छान पांढरेशुभ्र स्कॅलप आणले. तवा तापवला, तेल घातलं, ते ठेवले. मिनिटभरात तव्यात पाणीच पाणी! भाजणं राहिलं बाजूला, ते बिचारे त्या दुधाळ पाण्यात उकडत बसले. आक्रसून निम्मे झाले, चावायला रबर. ह्यांनी शहाण्यासारखं मुकाट्याने खाल्लं आणि वर "पिठलं आहे का थोडं?" असं विचारलं.

चूक कुठे झाली ते मासळीवाल्या दुकानात विचारल्यावर कळलं. स्कॅलप दोन प्रकारचे मिळतात, 'वेट' आणि 'ड्राय'. वेट म्हणजे फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेले. त्याने ते पाणी धरून ठेवतात, जड होतात, जास्त दिवस टिकतात. आपण स्कॅलपच्या भावाने पाणी विकत घेतो आणि मग तेच पाणी तव्यात सुटतं. ड्राय म्हणजे काहीही न लावलेले. रंगावरून ओळखता येतात: वेट अगदी पांढरेफेक, लकाकणारे, ड्राय जरा सायीच्या रंगाचे, एखादा गुलाबीसर, आणि हाताला चिकटणारे. पाटीवर 'यू-टेन' असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका पाउंडात दहापेक्षा कमी बसतात एवढे मोठे. महाग असतात. मी दोन पाउंड घेतले, सहा माणसांना तीन-तीन. बिल ह्यांना दाखवलं नाही.

मासा झाला, आता आंबट. आपल्याकडे माशाला कोकम, चिंच, कैरी, बिंबलं, ज्या मोसमात जे असेल ते. इथल्या जानेवारीत बाहेर बर्फाचे ढीग असतात, पण दुकानं मात्र संत्र्या-लिंबांनी भरलेली, कारण कॅलिफोर्नियाच्या बागांचा मोसम हाच. त्यात ब्लड ऑरेंज येतं. वरून साधं संत्रं, कधी सालीवर लाली. कापलं की आतून कोकमाच्या आगळासारखं लालभडक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकलेच होते. हा रंग अँथोसायनिनचा. आपल्या कोकमातला लाल रंगही त्याच कुळातला. आणि गंमत म्हणजे तो थंडीशिवाय येत नाही. रात्री गार पडायला लागल्या की फळात रंग भरतो. 'मोरो' जातीचं सगळ्यात गडद असतं, 'तारोक्को' जास्त गोड.

सॉस म्हणजे फ्रेंचांचं 'बर ब्लाँ', पांढरं लोणी. लुआर नदीकाठचा प्रकार. कांदा, वाइन आणि व्हिनेगर आटवायचं आणि त्यात थंडगार लोणी घोटायचं, एवढंच. मी वाइन थोडी ठेवून बाकी ब्लड ऑरेंजचा रस घेतला. फोडणी नाही, हळद नाही, तिखट नाही. लेकीच्या अटीत चपखल बसणारा.

नेहमीप्रमाणे रविवारी आईला मालवणला फोन केला. तिचं वय ब्याऐंशी, कान तिखट. बेत ऐकून ती हादरलीच. "लोण्यात मासो? काय तरीच काय गो! अंगार कोड येतला." मासे आणि दूधदुभतं एकत्र खाल्लं की अंगावर पांढरे डाग येतात, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. मी म्हटलं, इथे सगळे खातात, कोणाला काही होत नाही. तिला पटलं नाही, पण मग तिने मुद्द्याचं विचारलं, "आंबट काय घालतस?" संत्र्याचा रस, म्हटलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "माशाक आंबट व्हयाच. कोकम नाय तर नारिंग. पण तिरफळां घाल दोन. नायतर वशाट येतली."

तिरफळं माझ्या फ्रीजरमध्ये बरणीत होतीच. बांगड्याच्या, तारल्यांच्या आमटीला ती हवीतच. पण फ्रेंच सॉसमध्ये? मी हसून सोडून दिलं. नंतर कधीतरी बरणी उघडली, वास घेतला आणि थबकले. कोकणाबाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते, तिरफळाचं टरफल चुरडलं की संत्र्याच्या सालीसारखाच वास येतो, मागून मिऱ्यासारखा झणका आणि जिभेला मुंग्या. मग शोधून पाहिलं, तर तिरफळ वनस्पतिशास्त्रात लिंबू-संत्र्याच्याच कुळातलं निघालं. कढीपत्ताही त्याच कुळातला, बेलही. आईने वनस्पतिशास्त्र कधी वाचलेलं नाही.

शनिवारी दुपारी सॉस केला. चार-पाच ब्लड ऑरेंजचा मिळून कपभर रस, पाव कप पांढरी वाइन, दोन मोठे चमचे वाइन व्हिनेगर (हे संत्रं गोड असतं, नुसत्या त्याच्या आंबटाने भागत नाही) आणि एक शॅलट बारीक चिरून. सांबाराचे छोटे कांदे घेतले तरी चालतील. भांडं स्टीलचंच घ्या, ॲल्युमिनियमला आंबट लागतं. हे सगळं मध्यम आचेवर आटवत जायचं, तीनेक मोठे चमचे उरेपर्यंत. आणि हो, त्यात दोन तिरफळं टाकली. बी काढून, नुसती टरफलं. लेक बाहेर टेबल मांडत होती. मी तिला सांगितलं नाही.

पुढचं काम घाईचं नाही, पण लक्ष हलवायचं नाही. आच अगदी मंद करायची. एक स्टिक, म्हणजे 113 ग्रॅम, बिनमिठाचं लोणी फ्रीजमधून काढून त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा घालून घोटत राहायचं. पहिला विरघळत आला की दुसरा. लोणी वितळून तूप होता कामा नये, सायीसारखं मिळून यायला हवं. उकळी आली की संपलं, तेल वेगळं होतं. फुटायला लागलाच तर भांडं खाली उतरवून चमचाभर गार पाणी घालून जोरात घोटा, बहुतेक वेळा सावरतो. शेवटी मीठ घालून गाळून घ्यायचा. कांदा आणि तिरफळं गाळणीत राहतात. रंग येतो फिकट गुलाबी-केशरी. माझ्या लग्नातला शेला साधारण या रंगाचा होता. गाळलेला सॉस कोमट पाण्यात भांडं ठेवून अर्धा तास टिकतो, पुन्हा गरम करायचा नाही.

पाहुणे आले ते बर्फ झटकत. विहीणबाईंनी घरी केलेला गोड पोर्तुगीज पाव आणला होता. त्याला त्या 'पाऊं' म्हणाल्या. मी म्हटलं, आम्हीही पावच म्हणतो, तुमच्याकडूनच आला तो. मग बटाटा, बादली, चावी, सगळे निघाले. त्या डोळे विस्फारून एकेक शब्द पुन्हा म्हणायला लावत होत्या. हे व्याह्यांशी बर्फ उपसायच्या मशीनवर बोलत होते. व्याही कमी बोलणारे. हात मोठे, बोटांवर सुरीच्या जुन्या खुणा.

स्कॅलप आयत्या वेळीच करायचे असतात. बाजूला चिकटलेली चिवट पट्टी ओढून काढायची, कागदाने दोन्हीकडून कोरडे टिपायचे, मीठ लावायचं. बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवायचा. तेल, आणि एकेक स्कॅलप सुटा सुटा ठेवायचा. मग हात मागे! दोन मिनिटं हलवायचं नाही, हेच सगळ्यात कठीण. खालून खरपूस, बदामी झाला की आपण होऊन सुटतो. उलटून चमचाभर लोणी घालायचं, आणखी मिनिट-दीड मिनिट, बस्स. मधे किंचित पारदर्शक असताना उतरवायचा. मी दोन घाण्यांत केले. पहिला घाणा काढून वळते तर व्याही स्वयंपाकघराच्या दारात उभे. तव्याकडे पाहून एकच शब्द बोलले, "ड्राय." परीक्षेचा अर्धा पेपर तिथेच सुटला.

ताटात खाली सॉस, वर तीन स्कॅलप, बाजूला साधा भात आणि वाफवलेलं अस्पॅरॅगस. सॉस कधी वरून ओतू नका, खरपूसपणा मऊ पडतो. सगळे खायला लागले. बोलणं थांबलं, ते चांगलं की वाईट कळेना. विहीणबाईंनी भातात सॉस कालवला, तेव्हा मला जरा धीर आला. व्याह्यांनी पहिला स्कॅलप संपवला, दुसऱ्याचा तुकडा सॉसमध्ये बुडवला आणि थांबले. "हे संत्रं आहे. पण आणखी काहीतरी आहे."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला एव्हाना कळलं होतं. आजीच्या आमटीवर वाढलेली पोर ती. मी उठून बरणी आणली. व्याह्यांनी एक टरफल तळव्यावर चुरडलं, वास घेतला, दाताखाली धरलं. जिभेला मुंग्या आल्या तसे ते मोठ्याने हसले, संध्याकाळभरात पहिल्यांदा. मग बोलायला लागले. हिवाळ्यात डेकवर उभं राहून तासन् तास शिंपा उघडायच्या, बोटं बधिर व्हायची, अशीच. भुकेला तिथेच एखादा कच्चा तोंडात टाकायचा, समुद्राच्या पाण्याचं मीठ. घरी आई त्यावर संत्रं पिळायची. संत्र्याला ते 'लारांजा' म्हणाले. आमच्याकडे नारिंग, मी म्हटलं. हा शब्द मात्र तुम्ही आम्हाला दिलेला नाही. तो संस्कृतातून फारसी-अरबी करत तुमच्याकडे गेला. दुबईतल्या माझ्या बहिणीकडे तर संत्र्याला 'बुर्तुकाल' म्हणतात, म्हणजे चक्क पोर्तुगाल! यावर विहीणबाईंनी टाळी वाजवली. मुलांच्या आईवडिलांचं एकमेकांशी जे नातं, त्याला इंग्रजीत शब्दच नाही, असं मी बोलून गेले. पोर्तुगीजमध्ये आहे, म्हणाल्या: कोनसोग्रो. आणि कोनसोग्रा. व्याही आणि विहीण.

पाहुणे गेल्यावर लेक भांडी पुसायला उभी राहिली.

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"हो," ती म्हणाली. सॉसच्या भांड्याला जे लागलं होतं ते बोटाने निपटून खाल्लं आणि भांडं मला घासायला दिलं. व्याह्यांसाठी एका डबीत मूठभर तिरफळं तिनेच भरून ठेवली होती, त्यांच्या कोटाच्या खिशात कधी घातली ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिने. व्याही कसे, विहीण कशी, पोरगा जेवताना बोलतो का. लोण्याचं विसरली असेल असं वाटलं. शेवटी फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि गो, कोणाक काय झाला नाय मां? आठ दिवस बघ."